सीमेवरची बरणी

एका वृद्ध प्रवाशाच्या हातून मधाची बरणी कशी गेली, ती हकीकत येथे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. जे घडले तेवढेच सांगेन. पदरचे काही घालणार नाही.

सकाळचे दहा वाजले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर लायोनेल आपली कॅरॅव्हॅन उघडून उभा होता. कर्स्टी नावाची तरुण तपासनीस आतली कपाटे पाहत होती. फळे, भाज्या, बियाणे यांतले काहीही तेथून पलीकडे नेता येत नाही. पलीकडची शेते आणि मधमाश्या रोगापासून दूर राहाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू होय. कर्स्टीला कांद्याची सालसुद्धा सापडली नाही.

सापडणार तरी कशी? या रस्त्याने देश पाहत फिरणाऱ्या वृद्ध मंडळींची एक रीत आहे. सीमेअलीकडच्या शेवटच्या मुक्कामी सर्वांनी आपापली उरलेली भाजी बाहेर काढावी आणि एकाच पातेल्यात शिजवून एकत्र जेवावे. आदल्या संध्याकाळी लायोनेलनेही दोन बटाटे आणि अर्धा कोबी आणून दिला होता. शेजारच्या गाडीतील नोएलीनबाईंनी त्याला सर्वांदेखत टोमणा मारला. "अर्धा कोबी आणून तीन ताटं हाणलीस, म्हाताऱ्या. उद्या सीमेवर तुझं पोटच उघडून तपासतील." सगळे हसले. तोही हसला. मधाचा विषय निघाला नाही, कारण त्याच्याजवळ मध आहे हे कोणास ठाऊक नव्हते. रस्त्यावरच्या पाट्यांवर मध हा शब्द त्याने चार वेळा वाचला होता. तरीही त्यास आठवण झाली नाही. ती बरणी त्याच्या लेखी खाण्याची वस्तू नव्हतीच.

ती त्याच्या पत्नीची बरणी होती. एनिडने घरामागे मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. निवृत्तीनंतर सबंध देशाला गाडीने प्रदक्षिणा घालावी, असा उभयतांचा बेत होता. परंतु एनिड गेल्या वर्षी वारली आणि मागोमाग पेट्याही ओस पडल्या. शेवटच्या उन्हाळ्यात तिने स्वहस्ते गाळलेल्या मधाची ही एकच बरणी उरली. ती घेऊन लायोनेल एकटाच निघाला. जेथे जावे तेथे बोटभर मध चाखावा, असा त्याने नेम केला. सिडनीच्या धक्क्यावर चाखला. उत्तरेकडे प्रवाळाच्या किनाऱ्याला होडीत बसून चाखला. काकडूच्या अभयारण्यात मगरी उन्हाला पडल्या होत्या, तेथेही चाखला. जिभेवर मध असेतोवर एनिड शेजारी असे. आता पाव बरणी उरली होती, आणि ती त्याने पश्चिम किनाऱ्यासाठी राखली होती. तेथील समुद्रात बसएवढे शांत मासे येतात. एनिडला खरे म्हणजे तेवढेच पाहायचे होते.

कर्स्टीने बरणी उजेडात धरली.

"काका, हा मध नाही नेता येणार."

बायकोने केलेला आहे, अगदी स्वच्छ आहे, असे त्याने सांगितले. घरचा तर मुळीच चालत नाही, त्यातूनच माश्यांचा रोग जातो, असे ती म्हणाली. तिने दोन मार्ग सांगितले. येथेच बसून मध संपवावा आणि उरेल तो जप्तीच्या पिंपात टाकावा, अथवा बरणी घेऊन माघारी फिरावे. माघारी फिरणे म्हणजे पश्चिम किनारा सोडणे. या वयात ही वाट पुन्हा होणार नाही, हे लायोनेल जाणून होता.

तो बाकावर बसला. त्याने चमचा घेतला. पहिल्या चमच्यात एनिड होती. दुसऱ्यात थोडी होती. तिसऱ्यात नुसती साखर होती. मागे गाड्यांची रांग वाढत चालली. त्याने चमचा खाली ठेवला.

तेवढ्यात कर्स्टीला पुढच्या आसनाखाली एक लाकडी पेटी दिसली. तिने विचारले. त्याने सांगितले. ती ओशाळली आणि तिने पेटी दोन्ही हातांनी होती तशी ठेवली. अस्थी न्यायला हरकत नसते, असे ती हळूच म्हणाली.

लायोनेल उठून उभा राहिला.

"मग असं कर, पोरी. पेटी तू ठेवून घे. मध जाऊ दे."

"काका, असं काय बोलता?"

"त्यात ती नाहीये गं. मी उघडून बघितलंय."

कर्स्टीचे डोळे भरून आले, पण बरणीसाठी पुढे केलेला हात तिने मागे घेतला नाही. लायोनेलने बरणी तिला दिली नाही. ती त्याने स्वतःच पिंपात टाकली. काचेचा आवाज झाला. त्याने गाडी सुरू केली तेव्हा समोरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

नाका ओलांडताच एक पाटी लागते. तेथून पुढे वेळ बदलते. घड्याळे पाऊण तास मागे घ्यावीत, असे तीवर लिहिले आहे. सारे प्रवासी तेथे घड्याळ लावून घेतात. लायोनेलनेही लावले. नऊ वाजून पस्तीस मिनिटे.

नऊ पस्तीसला बरणी कपाटात होती. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि पुन्हा दहा वीस होऊ नयेत म्हणून तो घड्याळाकडे पाहत बसला.

येथवर वाचण्याची तसदी ज्यांनी घेतली, त्या सर्वांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

लहानू कोंडाजी भोर