लेकरूवाली पार्टी

"डोळ्याले क्यामेरा लावला का लेकरू दिसत नाही, बाई. दोन्हीतलं एक काहीतरी घरी ठेव," निघताना सुलोचनाबाईंनी सुनेला सांगितलं होतं. मंजुषा हसली होती, आणि दोन्ही घेऊन दिघोरीच्या मंडईला आली होती. पोरगी आठ महिन्यांची. ती झोपली तरी तिच्या नाकाशी बोट धरून पाहणारी मंजुषा तिला घरी ठेवणार कशी? आणि कॅमेरा ठेवावा, तर बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. हे बिघडलं की कॅमेरा कपाटात जाणार आणि तिथंच म्हातारा होणार, हे तिला सासूच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

काम टेकचंद शाहिरांचं. त्यांच्या खडी गंमतीच्या, म्हणजे उभ्यानं रंगणाऱ्या तमाशाच्या, पार्टीचा नवा फ्लेक्स व्हायचा होता. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि फ्लेक्स पाहून गावं पार्टी ठरवतात. मागच्या वर्षीचा फोटो कोणीतरी निळ्या ताडपत्रीखाली काढला होता. त्यात शाहीर नुकतेच तलावातून बाहेर काढल्यासारखे दिसत. त्या फोटोनं सीझन खाल्ला, असं ते स्वतःच सांगत. आजचा फोटो उद्या छापायला जायचा होता.

दुपारभर ऊन डोक्यावर, त्यामुळे फेट्याची सावली थेट शाहिरांच्या नाकापर्यंत. ऊन कललं तेव्हा जिलेबीवाल्याची ताडपत्री आडवी आली. ती निळीच निघाली. मंजुषानं मात्र हेरून ठेवलं होतं. सूर्य ताडपत्रीखाली उतरल्यापासून राइस मिलमागं जाईपर्यंत घटकाभर पिवळाधमक उजेड थेट तोंडांवर येणार होता. तेवढ्यात साधायचं.

खरी अडचण वेगळीच होती. तिनं कॅमेरा उचलला की पार्टी वाजवायची थांबे. ढोलकीवाला हात मांड्यांना चिकटवी, नाच्या पदर सारखा करी, आणि शाहीर श्वास कोंडून, छाती काढून, आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखे समोर पाहत. गाणं मधेच लटकलेलं. गोल उभे असलेले लोकही मुकाट थांबत. फोटोच्या आड येऊ नये एवढी रीत सगळ्यांनाच ठाऊक. माझ्याकडं पाहू नका, गातच राहा, म्हणून तिनं किती विनवलं. शाहिरांनी तिचीच समजूत घातली.

"गाता गाता फोटो काढला त तोंड वाकडं येते, बाई. तू आधी फोटो काढून घे, मंग आम्ही गातो."

पोरीला धरायला म्हणून संजीव, तिचा नवरा, सोबत आला होता. पण मंडईत माणूस चार पावलं चालला की एक मामा भेटतो आणि आणखी चार चालला की एक साळा. शिंगाडे घेऊन येतो म्हणत त्यानं पोरीला तिच्या कडेवर दिलं आणि तो गेला. सूर्य ताडपत्रीखाली सरकू लागला. नेमकी तेव्हाच पोरगी रडू लागली.

"आण इकडं. मले चार आहेत," खुशाल नावाचा नाच्या म्हणाला.

हो-नाही म्हणायच्या आत पोरगी त्याच्याकडं गेलीसुद्धा. लुगडं, नथ, खोटा अंबाडा. तिला काही खोट दिसली नाही. ती गप्प होऊन नथ न्याहाळू लागली. तेवढ्यात ढोलकी कडाडली, खुशालच्या नाचाची पाळी आली, आणि तो पोरीसकट रिंगणात शिरला.

गर्दी मंजुषाला वाट देईना. आता पोरगी जवळून दिसायला एकच साधन उरलं होतं. तिनं लांबची लेन्स डोळ्याला लावली. त्यातून वाईट तेवढं फार मोठं दिसतं. पोरीची मूठ. मुठीजवळ नथ. नथीतले मणी, एकेक घशात अडकेल एवढा. बोट बटणावर दाबलेलंच राहिलं होतं आणि शटर आपोआप खटखटत होतं. नथ निघाली. खुशाल उघड्या नाकानं नाचतच राहिला. शाहिरांनी कानावर हात ठेवून तिथल्या तिथं ओळ जोडली, "माय कुठं नं बाप कुठं, पोर नाच्याच्या कडेवर," आणि रिंगण हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठ्यानं हसत होता शिंगाड्यांची पिशवी घेतलेला संजीव. मग त्यानं पोरीचं झबलं ओळखलं.

मंजुषा कोपर मारत आत घुसली. पोरीची मूठ उघडली. नथ शाबूत होती.

तिनं मान वर केली तर सूर्य मिलमागं. जनरेटरवरच्या ट्यूबलाइटी लागल्या होत्या आणि सगळी तोंडं हिरवट झाली होती. शाहिरांनी कोटाची बटणं लावली, छाती काढली आणि म्हणाले, "हं, आता काढ."

फुगेवाल्याच्या गाडीआड बसून पोरीला पाजता पाजता, रडू आवरत तिनं कॅमेऱ्यात काय उरलंय ते पाहिलं. कानावर हात, जबडा एका अंगाला, अंगभर उजेड माखलेले शाहीर. हवेत थांबलेली ढोलकीवाल्याची बोटं. नथीविना हसणारा खुशाल, आणि त्याच्या कडेवर, गड जिंकल्यागत मूठ उगारलेली तिची पोरगी.

"तोंड वाकडंच आलं," तिच्या हातून कॅमेरा घेत शाहीर म्हणाले. पण कॅमेरा काही परत देईनात.

कॅमेरा कपाटात गेला नाही. त्याच फोटोचा फ्लेक्स लाखांदूरच्या चौकात लागला, आणि आंधळगावहून शाहिरांना विचारणा आली की लेकरूवाली पार्टी तुमचीच का. येताना लेकरू आणा, नाहीतर येऊ नका. शाहिरांनी मंजुषाला फोन लावला. ती नाही म्हणाली, आणि फोन हिसकावून सासूबाईही नाही म्हणाल्या, जास्त वेळ. शाहीर रागावले नाहीत.

"राहू दे, बाई. ज्या गावी जाऊ, त्या गावी एखादं भेटतेच."

तेव्हापासून मंजुषाच्या डोळ्याला डोळा नाही. तेव्हा तुम्ही कुठल्या मंडईत असाल आणि खुशालच्या कडेवर लेकरू दिसलं, तर गाणं नंतर ऐका. आधी त्याची माय कुठं उभी आहे, तेवढं पाहून घ्या.