खाली घातलेली नजर

गुजराती डॉक्टरीणबाईंनी आधी तीन महिन्यांच्या तान्हीला तपासलं, मग तिच्या आईला, नूतनला, मग बापाला, वाल्मिकला. तोवर वाल्मिकची आई शोभाबाई भिंतीशी पदर पुढे ओढून बसून होत्या. खोलीत अंधार केलेला. उजेड तेवढा डोळे तपासायच्या यंत्रातून येत होता, सुईसारखा.

तान्हीच्या डोळ्यांतली काळी बाहुली गोल नव्हती. खाली ओघळली होती, कुलपाच्या भोकासारखी. पोर जन्मली त्या दिवसापासून शोभाबाई भेटेल त्याला सांगत होत्या, "पोटुशी असून हिनं ग्रहणात कातर धरली. साडीचे दोरे कापत बसली. दोरे कुठले, पोरीचे डोळे कापले हिनं!" ऐकून ऐकून वाल्मिकनेही ठरवलं होतं, रविवारी नूतनला अमळनेरला माहेरी सोडून यायचं. परत कधी आणायचं, ते तो बोलत नव्हता.

"बहूचे डोळे चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाल्मिकभाई, तुमच्या डोळ्यात मात्र मागच्या पडद्याला बारीक खाच आहे. वरून दिसत नाही. हे बहुतेक तुमच्या घराण्यातून आलंय. कुणात एवढंसं असतं, कुणात जास्त. ग्रहणाचा काही संबंध नाही."

"आमच्या घराण्यात?" वाल्मिक हसला. "मॅडम, माझ्या आईला डाळीतला खडा हातभरावरून दिसतो!"

"मग माजींनाही बघू. या माजी."

शोभाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. "मला काय धाड भरलीय?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

वाल्मिकने दंडाला धरून उठवलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. शोभाबाईंच्या डाव्या डोळ्यातलं ते व्यंग एका आरशाला ठाऊक होतं, आणि त्यांच्या मायला. बघायला पाहुणे आले त्या दिवशी मायने काजळ घातलं होतं आणि कानाशी लागून म्हटलं होतं, "खाले देख, पोरी. काही झालं तरी मान वर करू नको." पाहुणे खूश झाले. म्हणाले, सालस आहे पोर. तो सालसपणा शोभाबाईंनी चाळीस वर्षं सांभाळला. नवऱ्यासमोर, सासूसमोर, पुढे पोटच्या पोरासमोरही.

त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकली. दोन्ही हातांनी यंत्राची मूठ घट्ट धरली.

"माजी, उपर जुओ."

पापण्या उचलेनात. आता वर पाहिलं तर तीन महिने बोललेला शब्द न् शब्द उलट फिरून त्यांच्याच दारात उभा राहणार होता. आणि मग रविवारी कुणाला कुठे सोडायचं?

"आई, बघ ना वर," वाल्मिक वैतागला.

"राहू द्या त्यांना. घाबरल्यात." मागून नूतन म्हणाली. सकाळपासून ती आत्ता पहिल्यांदा बोलली होती. तिच्या खांद्यावरची तान्ही कुरकुरली, तशी शोभाबाईंनी मान वळवली. दार कुणीतरी किलकिलं केलं होतं, बाहेरचं ऊन तोंडावर आलं, तसे पोरीने डोळे गच्च मिटले. शोभाबाई अंगणात मिटायच्या, अगदी तसेच.

दार लागलं.

शोभाबाईंनी पुन्हा हनुवटी टेकली आणि वर पाहिलं.

उजेडाची सुई डोळ्यात शिरली, हळूहळू खाली सरकली आणि तिथेच थांबली. वाल्मिक वाकला, आईच्या डोळ्यात पाहू लागला. डाव्या डोळ्यातली बाहुली तान्हीसारखीच खाली ओघळलेली. मग त्याने मान वळवून नूतनकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"जन्मापासून आहे ना, माजी?"

शोभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण नजर खाली गेली नाही.

"मी पोटात होते तेव्हा मायनं ग्रहण कडक पाळलं होतं," त्या म्हणाल्या. "पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता."