गोड फाटणारा आवाज

आप्पासोनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि तोंड वाकडं केलं. अर्जुनानं घाईघाईनं गिटारच्या तारांवर तळहात दाबला. आवाज थांबला, पण तोवर म्हैस दावं तोडून परड्यात गेली होती आणि कोंबड्या कुडावर चढून बसल्या होत्या.

"गड्या, आवाज फाटाय पायजे हे मलाबी कळतंय," आप्पासो म्हणाला. "आजकाल पोरांस्नी तसलाच लागतो. पण गोड फाटाय पायजे रं! ह्यो तर घसा बसलेल्या रेड्यावानी वाटतोय."

आप्पासोची तासगावात बेंजो पार्टी होती. औंधला यमाईच्या यात्रेत त्याला काहीतरी नवं वाजवून दाखवायचं होतं, म्हणून तो मुद्दाम इथवर आला होता. अर्जुनाचं पलूसला विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. पुण्यात कामाला असताना त्यानं एक जुनी गिटार घेतली होती. गावी परतल्यावर तिच्यासाठी अँप्लिफायर त्यानं स्वतःच्या हातानं बांधला. आतले काचेचे व्हॉल्व ग्रामपंचायतीच्या मोडक्या रेडिओतले, आणि सगळं बसवलं द्राक्षाच्या रिकाम्या पेटीत.

व्हॉल्व तापले, आवाज पुरा सोडला, की सूर नुसता वाजत नसे, चरचरत फाटत जाई. अर्जुनाला तेच हवं होतं. पण जाड तार छेडली की सूर गुदमरायचा, क्षणभर मुका व्हायचा आणि मग भस्सकन बाहेर पडायचा. त्यानं स्पीकर बदलून पाहिला, तारा बदलून पाहिल्या. रेड्याचा घसा काही सुटला नाही.

"च्या पिऊन निघतो मी," आप्पासो म्हणाला. "तवर काय जमलं तर बघ. न्हाईतर मला दुसरं कुणीतरी बघाय लागंल."

अर्जुनाची आई राहीबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं कपबशी पाहुण्यासमोर ठेवली आणि लिंबाखाली शेंगा फोडत बसलेल्या नवऱ्याकडं वळली.

"ऐकलंसा का, आवं? आज जमलं न्हाई तर हे खोकं मी भंगारात घालणार हाय. म्हस धड दूध दीना. शेजारीण बोलंना. आन तुमी बसा शेंगा खात!"

कोंडीबा नेहमीसारखा गोड हसला आणि त्यानं एक दाणा तोंडात टाकला.

अर्जुनाचा बाप तोफखान्यात होता. पासष्टच्या लढाईत तोफेजवळ उभा राहून त्याचे कान गेले, आणि पेन्शनीवर घरी आला तो ठार बहिरा होऊनच. तेव्हापासून त्याला सोसायटीच्या मीटिंगला कुणी बोलावलं नाही. भावकीच्या भांडणात कुणी मधे ओढलं नाही. दळण आणायलासुद्धा कुणी धाडलं नाही. राहीबाई मात्र त्याच्याशी बोलायची थांबली नव्हती. भाकरी थापताना, जनावरांना वैरण टाकताना ती सारखी त्याला काहीबाही सांगत असे. थोरल्या दिरानं बांध कसा कोरला, सासूनं तिला कसं छळलं, तो स्वतः झोपेत कसा घोरतो, सगळं त्याच्या तोंडावर. बाया म्हणायच्या, बिचारीला सवयच लागलीय.

अर्जुनानं स्विच बंद करून पेटी उघडली. आवाजाला जोर यावा म्हणून त्यानं आतला कंडेन्सर काढून आणखी मोठा बसवला. कथलाचा डाग दिला, स्विच चालू केला, जाड तार छेडली. सूर गुदमरला, मुका झाला आणि भस्सकन बाहेर आला. त्यानं पुन्हा छेडली. पुन्हा तेच. घामाघूम होऊन तो छेडतच राहिला.

"आरं थांब की लेका!" मागून आवाज आला. "पातळ तारंला कसा झ्याक फाटतोय! जाड तार वाजली की मातूर गुदमरतोय. जाड आवाज आत कमी सोड. एवढा मोठा घास कोंबल्यावर त्यो गिळंल कसा?"

अर्जुनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंडेन्सर जेवढा बारका तेवढा जाड आवाज आत कमी जातो; बारका लावायचा सोडून तो उलट मोठमोठे लावत सुटला होता.

"व्हय की, आबा!" तो म्हणाला आणि पेटीत वाकला.

मग तो वाकल्या जागीच थिजला.

आप्पासोचा कप ओठांशी थांबला होता. सगळ्यांच्या नजरा लिंबाखाली वळल्या. कोंडीबा हातातली शेंग अगदी निरखून बघत होता. मग त्यानं हळूच कानामागं हात धरला.

"आं? मला काय म्हणलासा?"

दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून अर्जुनानं बारका कंडेन्सर बसवला आणि जाड तार छेडली. चरकात ऊस घातल्यावर तो जसा करकरत फुटतो आणि रस सोडतो, तसा सूर फाटला. कानांकडं निघालेली आप्पासोची बोटं वाटेतच थांबली.

"ठरलं गड्या!" तो ओरडला. "तू औंधला येतोस!"

पण अर्जुनाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो आईकडं बघत होता. इतकी वर्षं ती घसा फोडून बोलत राहिली होती. आता रडते की मुसळ उचलते, त्याला कळेना. कुणाच्या मयताची बातमी सांगावी तशा आवाजात तो हळूच म्हणाला, "आये, आबास्नी ऐकू येतंय."

राहीबाईनं पाहुण्यासमोरची रिकामी कपबशी उचलली. लिंबाखाली एक नजर टाकली.

"बहिऱ्या माणसासंगं कोण एवढं बोलत बसतंय व्हय रं?"