लाल खुणा

निवृत्त इंग्रजी शिक्षक पिनॉक मास्तर गावातल्या दुकानाबाहेरच्या सूचनाफलकापाशी थांबले, की खिशातली लाल पेन्सिल बाहेर निघायचीच. चर्चची केकविक्री असो की हरवलेलं मांजर, चुकलेला स्वल्पविराम त्यांना दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागायचा. त्या दिवशीही एका चिठ्ठीत त्यांनी तीन स्वल्पविराम घातले, एक खोडला आणि खुशीत घरी गेले.

महिन्याभराने जुना मित्र विल्फ गेला. चर्चमधून बाहेर पडताना मास्तरांनी त्याच्या बायकोचा, एनिडचा, हात धरला. "वहिनी, एवढा आजारी होता, मला एका शब्दानं कळवायचंत ना!"

"फलकावर चिठ्ठी लावली होती की! विल्फ अंथरुणाला खिळलाय, दुपारी चहाला कुणी आलं तर त्याला बरं वाटेल, म्हणून."

मास्तरांना चिठ्ठी आठवेना. स्वल्पविराम तेवढे आठवले.

"नंतर ती काढून घरी आणली, तर तुमच्या लाल खुणा बघून किती हसला! म्हणाला, पिनॉक वाचून गेलाय, आता येईलच."

एनिडने त्यांच्या हातावर थोपटलं.

"रोज दुपारी तुमचा कप मांडायला लावायचा."