पाटण्याला निघालेली होडी

अशी कल्पना करा, की तुमच्या हातात हातभर लांबीची एक होडी आहे. सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्या तासून केलेली. शिडाला जुन्या छत्रीचं काळं कापड. वॉर्निशचा वास अजून गेलेला नाही. समोर क्षिप्रा नदी आहे. होडी पाण्यावर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. तुम्हाला जमेल?

भार्गवीला लगेच जमलं नाही. मंगळनाथच्या देवळाच्या पुढे, जिथे फारशी गर्दी नसते, तिथल्या पायरीवर ती होडी धरून बसली होती.

"सोड, बेटा," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे तिचे आजोबा. फ्रीगंजच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता.

"पोचेल ना?"

"पाणी तर जातं," अण्णा म्हणाले.

भार्गवीच्या आईची, सायलीची, बँकेने पाटण्याला बदली केली, त्याला पाच महिने झाले होते. दसऱ्याच्या सुट्टीत अण्णांनी नकाशा उघडून बोट फिरवलं होतं : क्षिप्रा चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, आणि गंगेच्या काठी पाटणा. त्या दिवसापासून दोघांनी ही होडी बनवली होती. बादलीत ती तीनदा कलंडली, तेव्हा टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणून तिच्या तळाला ठोकले. पोटात होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बसवली, आणि बाटलीत चिठ्ठी.

भार्गवीने हात काढला. होडी डुलली, सावरली, आणि वाऱ्याने शीड भरताच सरळ निघाली. भार्गवी काठाने तिच्या बरोबरीने धावू लागली. अण्णा मागून सावकाश आले.

ते पोचले तेव्हा होडी स्टॉपडॅमच्या, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याच्या, बंद फाटकाला टेकून उभी होती. पाणी तिला ढकलत होतं आणि ती फाटकावर टक टक आपटत होती.

"अण्णा, अटकली."

शेजारी गळ टाकून बसलेला माणूस हसला. "बिटिया, कहाँ की सवारी है?"

"पटना."

"इतनी दूर? टिकट तो कटा लेतीं पहले. गेट तो अब बरसात में खुलेंगे."

भार्गवीने काठीने होडी ओढून घेतली आणि फ्रॉकने पुसली. मग तिने अण्णांकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाला होतात, पाणी थेट जातं."

अण्णा तिच्याजवळ दगडावर बसले. "नकाशात नदीची रेघ सलग असते, बेटा. बंधारे सांगायचे राहून गेले." ते थांबले. "नाही, राहून नाही गेले. मी सांगितले नाहीत. तू इतकी खुशीत होतीस."

"अजून किती आहेत?"

"या नदीवर आणखी काही. पुढे चंबळेवर चार मोठी धरणं."

"किती मोठी?"

"टावर चौकातला टावर त्यांच्यापुढे लहान दिसेल."

होडीच्या टोकाचं वॉर्निश आपटून उडालं होतं. तिथे भार्गवी अंगठा फिरवत राहिली.

"घरी जाऊ," अण्णा म्हणाले. "उद्या कुरिअर करू. चार दिवसांत आईच्या हातात पडेल."

"पण आई तर नदीवर बघणार आहे."

"म्हणजे?"

"बँक सुटली की ती घाटावर जाऊन येते. काल फोनवर म्हणाली, पायऱ्या खालपर्यंत आहेत, होडी लागायला जागा आहे. अंधार पडायच्या आत पोचव म्हणाली."

सायली रोज घाटावर जाते, हे अण्णांना आत्ता कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"हा बंधारा तर मी ओलांडून देईन," ते म्हणाले. "चार पायऱ्या उतरायच्या आणि पलीकडे ठेवायची. पण पुढच्या ठिकाणी आपण नसू ना."

भार्गवीने केसांतली पिन काढली, होडी मांडीवर आडवी घेतली आणि वॉर्निशवर कोरायला लागली. मराठीत नाही, हिंदीत, कारण पुढे वाचणारे सगळे हिंदीवालेच असणार. पिन मधूनच घसरे. ती जीभ दातांत धरून पुन्हा तेच अक्षर गिरवी. अण्णांनी एकदाही हात पुढे केला नाही. तिने फुंकर मारून भुसा उडवला, तेव्हा त्यांनी वाकून वाचलं :

आगे बाँध आए तो उस पार रख देना. पटना जाना है.

"ठीक आहे, दे इकडे," अण्णा उठत म्हणाले. "पलीकडे मी ठेवतो."

"तुम्ही नको, अण्णा. तुम्हाला तर न वाचताच माहिती आहे."

ती गळवाल्या माणसाकडे गेली.

"अंकल, आपको पढ़ना आता है?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

भार्गवीने होडी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली आणि तो वाचेपर्यंत तशीच उभी राहिली.