जुन्या खोक्यातली काडतुसं

शेवटच्या पुंगळीत यूनुसने दारू तोललीच नाही. मनाला येईल तेवढी, काठोकाठ भरली, वर गोळी दाबून बसवली आणि ते काडतूस नव्या खोक्यात सर्वांत पुढे ठेवलं.

बाकीची काडतुसं त्याने नेहमीसारखी काट्यावर दारू तोलून भरली होती. दारू थोडी कमीजास्त झाली तर गोळी भरकटते; फारच जास्त झाली तर रायफल झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. काटा नाजूक. वरून एसीचा झोत आला की आकडा नाचायचा. पण आखातातल्या उन्हात, शुवैखच्या त्या पत्र्याच्या खोलीत एसी बंद करून बसणार कोण?

मालक अहमद. गॅरेज पोटापाण्यासाठी, जीव सगळा शिकारीत. त्याच्या रायफलीची काडतुसं यूनुसच भरायचा. अहमदचा नेम चुकत नाही, असं सगळी गॅरेजवाली मंडळी म्हणायची. म्हणूनच यूनुसला पोलिसांचं पटलं नाही. हिवाळ्यात वाळवंटात अहमदने कोल्ह्यावर झाडलेली गोळी पलीकडच्या उतारावर उभ्या इम्तियाजला लागली होती. इम्तियाज यूनुसचा धाकटा भाऊ, त्याच गॅरेजात कामाला. आदल्याच संध्याकाळी सुट्टीवरून त्याचं अहमदशी वाजलं होतं. पोलीस म्हणाले, अपघात. रत्नागिरीला पेटी घेऊन यूनुसच गेला. आईने पेटीला घातलेली मिठी सोडवायला चार बायका लागल्या.

"सोडा ती नोकरी," रिग्गईच्या भाड्याच्या खोलीत त्याची बायको नूरी म्हणाली होती. "त्याच्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरत नाय."

"सोडतो. थोडं काम राहिलंय."

आणि वेड पांघरून तो कामावर येत राहिला.

शुक्रवारी सकाळी अहमद आणि तो वाळवंटात गेले. कामगारांकडून उचललेल्या हिंदीत अहमद म्हणाला, "जुनी आणि नवी, दोन्ही लावून बघू. कुठली सरळ जाते ते कळू दे."

"नवी आधी घ्या, अरबाब," यूनुस मालकाला म्हणाला.

"नाही. जुनी आधी."

त्याने पिशवीतून जुनं खोकं काढलं. यूनुसनेच हिवाळ्याआधीच्या उकाड्यात भरलेलं. रायफल वाळूच्या पोत्यांवर टेकवून अहमद पालथा झाला. हात दगडासारखा स्थिर होता. समोर लांब उभ्या केलेल्या निशाणाच्या फळ्यावर एकेक करून त्याने गोळ्या झाडल्या.

यूनुसने दुर्बीण लावली. एक भोक मधोमध, एक पार वरच्या कोपऱ्यात, एक खाली. बाकीच्या गोळ्यांचा फळ्यावर पत्ताच नव्हता. त्याला काट्यावरचा तो नाचरा आकडा आठवला.

अहमदने नवं खोकं उघडलं, पुढचंच काडतूस उचललं आणि रायफलीत सरकवलं. गाल दस्त्याला टेकवला.

"त्या दिवशीची गोळीही याच जुन्या खोक्यातली होती," रायफलीच्या दुर्बिणीवरची नजर न हलवता अहमद म्हणाला. "मी नंतर एकट्याने येऊन झाडून बघितली, तेव्हा कळलं. पोलिसांना मी सांगितलं, नेम माझा चुकला. तुझ्या आईचा एक गेला होता, दुसरा तुरुंगात कशाला घालवू?"

यूनुसच्या तोंडून शब्द फुटायच्या आत अहमदने चाप ओढला.