नुसतं एंटर

रक्तपेढीचा सर्व्हर सकाळपासून आडवा झाला होता आणि वरच्या मजल्यावर ऑपरेशन खोळंबलं होतं. सिंगल यूजर मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं, कसंबसं उठलेलं युनिक्स एकच विचारत होतं: हुकूम द्यायला कुठला शेल, म्हणजे हुकूम घेणारा प्रोग्राम, हवा? डिस्कवरचा त्याचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर नुसतं एंटर दाबा.

सर्व्हरसमोर बसलेल्या जावयाने हळू आवाजात सासूबाईंना फोन लावला. निवृत्त होईपर्यंत त्या असलीच मशिनं सांभाळत होत्या.

"आई, पत्ता अगदी बरोबर लिहिलाय, तरी शेल सापडत नाही म्हणतंय."

"तुझा तो लाडका, नटवा शेल मागितलास ना? तो दुसऱ्या डिस्कवर असतो, आणि ती डिस्क अजून जोडलेलीच नाहीये. नुसतं एंटर दाब. साधा शेल येईल, त्यातून दुरुस्ती कर."

"पण साध्यात चुकलं तर अख्खी ओळ पुन्हा लिहावी लागते."

"मग चुकू नकोस."

अर्ध्या तासात रक्त वर गेलं. जावयाने पुन्हा फोन केला.

"तुमच्या लेकीला सांगू नका हं. पण स्क्रीन न बघता तुम्हाला कळलं कसं?"

"नोकरीत असताना एकदा मीही चार तास तोच पत्ता लिहीत बसले होते. तुझ्या सासऱ्यांना अजून माहीत नाही."